कोणता डोळा खरा?

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाची ही गोष्ट. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावर बसून एक वेगळाच उद्योग करत होती. आधी उजवा डोळा तळहाताने झाकायची आणि समोरच्या चादरीकडे बघायची. मग डावा झाकायची, पुन्हा तिकडेच बघायची. चादर पांढरी होती. निदान आम्ही सगळे तिला पांढरीच म्हणत होतो. पाच-सात वेळा असं केल्यावर ती मला म्हणाली, "अरे, या नव्या डोळ्याने चादर निळसर दिसते आणि या जुन्याने जुन्या कागदासारखी पिवळट. दोन्ही डोळे माझेच. मग खरी कोणती?"

कारण सांगणं सोपं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि प्रकाशातला निळा भाग अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढलं, की इतकी वर्षं दाराबाहेर थांबलेला निळा रंग एकदम आत येतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 1923 साली झालं. त्यानंतर रंग विचित्र दिसतात म्हणून तेही हैराण झाले होते. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते झालं रे. पण खरी कोणती?"

आज मला त्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे.

तुमच्या हाताशी कागद-पेन असेल तर एक करून पाहा. गाडी चालवत असाल तर घरी पोचल्यावर करा. कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. आता डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि लांब धरलेला कागद हळूहळू जवळ आणा. नजर फुलीवरून हलू देऊ नका. कागद डोळ्यापासून साधारण फूटभरावर आला की ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणला की परत येतो.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून मज्जातंतूंची जुडी जिथून मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. त्या जागेला अंधबिंदू म्हणतात. एदम मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1660 च्या दशकात तो शोधून काढला. म्हणजे त्याआधीची हजारो वर्षं प्रत्येक माणूस प्रत्येक डोळ्यात एक भोक घेऊन वावरत होता आणि कोणाला कळलं नव्हतं! मला ठिपका गेल्याचं फारसं वाटलं नाही. मी चक्रावलो ते त्याच्या जागी जे दिसलं त्याने. तिथे काळोख दिसत नाही, कोरा कागद दिसतो. आजूबाजूला काय आहे ते बघून मेंदू तिथे ठिगळ लावतो, आणि शिवण कुठेही दिसू देत नाही.

या क्षणी तुमच्या कानावर पडणारा माझा आवाजही थोडा ठिगळाचाच असू शकतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर सेकंदाला सुमारे 100 ते 120 कंपनांचा असतो. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून इतके खालचे सूर जवळजवळ निघतच नाहीत. जुन्या टेलिफोनची यंत्रणा तर 300 च्या खालचं पलीकडे जाऊच द्यायची नाही. तरी आपल्या माणसाचा जाड आवाज फोनवर जाडच ऐकू यायचा. वरचे सूर एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, त्यावरून मेंदू खालचा, न आलेला सूर ओळखतो आणि ऐकवतो. बाहेर नसलेली गोष्ट ऐकू आली, आणि तरीही ऐकलेलं बरोबर निघालं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कारण एवढं सगळं ऐकून लगेच कोणीतरी म्हणतं, "बघा, इंद्रियं फसवतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका." हे मला मान्य नाही. पाण्यात अर्धी बुडवलेली काठी वाकलेली दिसते, हे नेहमीचं उदाहरण घ्या. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाची दिशा बदलते, म्हणून ती वाकडी दिसते. कॅमेराही तिचा फोटो वाकडाच काढेल. उलट ती सरळ दिसली असती तर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो असतो! डोळ्याने आलेला प्रकाश इमानदारीने पोचवला. "काठी वाकली" हा निकाल आपण दिला.

अंधारात दोरी साप वाटते, हा दृष्टांत तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगून गुळगुळीत झाला आहे. पण त्याचा उत्तरार्ध आपण नीट बघत नाही. दिवा आणला आणि दोरी दिसली. कोणाला दिसली? मघाशी ज्यांना साप दिसला, त्याच डोळ्यांना. चूक पकडायला दुसरं कोणी आकाशातून उतरलं नाही.

ग्रीक विचारवंत डेमॉक्रिटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. गोड, कडू, गरम, थंड, रंग हे सगळं म्हणण्यापुरतं, खरे ते फक्त अणू आणि पोकळी, असं त्याचं म्हणणं. पण त्यानेच इंद्रियांच्या तोंडी बुद्धीला एक उत्तर दिलं आहे. त्याचा भावार्थ असा: बापडे, पुरावे आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच पाडायला निघालीस? आम्ही पडलो की तूही पडलीस. माझ्या मते या वादात याहून नेमकं कोणी बोललेलं नाही.

यंत्रं आली म्हणून यात फरक पडला असं समजू नका. 1800 साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. अवरक्त किरण सापडले ते असे. न दिसणारा प्रकाश सापडला खरा, पण पारा कुठवर चढला हे बघितलं कशाने? डोळ्यांनीच.

सांख्यकारिकेत एक सुंदर श्लोक आहे. सांख्य तत्त्वज्ञानाची ही संस्कृत पोथी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. असलेली वस्तूही का दिसत नाही, याची आठ कारणं त्यात दिली आहेत. फार लांब असली तर दिसत नाही आणि फार जवळ असली तरी दिसत नाही. डोळ्यातलं काजळ डोळ्याला दिसतं का? इंद्रियच अधू असेल, वस्तू फार सूक्ष्म असेल, मध्ये आडोसा असेल, सारख्याच वस्तूंच्या ढिगात ती मिसळली असेल, सूर्यापुढे चांदण्या लोपतात तशी दुसऱ्या कशाने झाकोळली असेल, तरीही तेच. आणि एक कारण असं की मन थाऱ्यावर नसेल. या शेवटच्या कारणाचं प्रात्यक्षिक डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली जगाला दाखवलं. चित्रफितीतले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे देतात ते मोजा, असं त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेशातलं एक माणूस खेळाडूंमधून चालत गेलं. जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळे उघडे होते, नजरही तिकडेच होती.

हे सगळं निव्वळ गमतीचं असतं तर मी इतक्या कळकळीने बोललो नसतो. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे शेकडो कैदी निर्दोष ठरले. त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त खटल्यांत कोणीतरी चुकीच्या माणसाकडे बोट दाखवून "हाच तो" म्हटलं होतं. ते साक्षीदार बहुतेक खोटारडे नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे पाहिलं होतं, प्रामाणिकपणे आठवलं होतं. डोळ्यात आणि कानात चार बोटांचं अंतर असतं, असं आपण म्हणतो आणि ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं खरं मानतो. पण पाहिलेलं आणि पाहिल्याचं आठवणारं यातलं अंतर किती बोटांचं, हे मोजायचं राहून जातं. इंद्रियांना मी साक्षीदार मानतो. त्यांना कोर्टाबाहेर हाकलून दिलं तर खटला चालणारच नाही, पण उलटतपासणी झालीच पाहिजे. दिवा आणायचा, हात लावून बघायचा, जागा बदलायची, शेजारच्याला विचारायचं. आणि शेजाऱ्याला विचारताना आपल्याला काय दिसलं ते आधी सांगायचं नाही. हे शेवटचं आपण फार क्वचित पाळतो.

आईने नेमकं हेच केलं होतं. एका डोळ्याची साक्ष दुसऱ्या डोळ्यासमोर काढली होती. इतकी वर्षं दोन्ही डोळे मिळून एकच सांगत होते, म्हणून तिला शंका आली नव्हती.

काही महिन्यांनी तिच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. मी मुद्दाम तीच चादर पुढे धरली आणि काही न सांगता विचारलं, "कोणता रंग?" तिने एकेक डोळा झाकून नीट पाहिलं.

"पांढरी," ती म्हणाली. "दोन्हीकडून पांढरी."

"आणि तो पिवळा कसा होता, आठवतं?"

तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. बराच वेळ. मग नाही म्हणून मान हलवली.

नमस्कार.