डाउरी म्हणजे हुंडाच, पण पेशंटचा

आधी एक घोळ मिटवते, नाहीतर पुढचा तासभर आपण वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत बसू. आपल्याकडे एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, म्हटलं की डिस्लेक्सिया आठवतो, वाचण्या-लिहिण्यातली अडचण, दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक, ते सर्टिफिकेट वगैरे. इंग्लंडमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे ज्याला आपण पूर्वी मतिमंदत्व म्हणायचो आणि आता बौद्धिक अक्षमता म्हणतो, ते. मी तिकडे नोकरीला लागले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं की या सगळ्यांना वाचायला शिकवायचंय की काय. तर आज मी जिथे जिथे एलडी म्हणेन तिथे तुमची मुलं डोळ्यासमोर आणा, कारण इथे बसलेले बहुतेक जण पालकच आहेत, आणि तुम्हाला पडलेला प्रश्नही मला माहितीये, आमच्यानंतर काय. मगाशी चहाच्या वेळी चार जणांनी तोच विचारला.

मी मूळची साताऱ्याची, सोशल वर्कर. तिकडच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे आपली महानगरपालिका समजा, पण जिच्यावर म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या रोजच्या देखभालीची कायदेशीर जबाबदारी असते अशी महानगरपालिका, तिथे मी बरीच वर्षं काम केलं. माझं काम थोडक्यात सांगायचं तर वर्षानुवर्षं हॉस्पिटलात अडकलेल्या एलडीच्या माणसांना बाहेर काढायचं. अडकलेल्या म्हणजे आजारी असलेल्या नाही हां. बऱ्याच जणांना कुठलाच असा आजार नव्हता की ज्याच्यासाठी हॉस्पिटलात राहावं लागेल, त्यांना जायला जागा नव्हती इतकंच.

थोडं मागे जाऊ. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात अर्ल्सवुड नावाचं असायलम, म्हणजे निवासी संस्था, होतं, १८५५ चं, फक्त याच लोकांसाठी बांधलेलं. डाऊन सिंड्रोम ज्यांच्या नावाने ओळखतो ते लँग्डन डाऊन तिथेच सुपरिंटेंडेंट होते, मग १८६८ मध्ये त्यांनी टेडिंग्टनला तशीच स्वतःची संस्था काढली, नॉर्मन्सफील्ड, त्यात नाटकांसाठी छान थिएटर पण बांधलं, ते अजून आहे. म्हणजे सुरुवात वाईट हेतूने झाली नव्हती, मुलांना शिकवू, मोकळी हवा देऊ असंच होतं. पण मग १९१३ चा मेंटल डेफिशियन्सी अ‍ॅक्ट आला, माणसांना कायद्याने 'इडियट', 'इंबेसाइल' अशा पायऱ्यांवर बसवलं गेलं, आणि ही हॉस्पिटलं फुगत गेली. १९७० च्या आसपास इंग्लंड-वेल्समध्ये पन्नास हजारांहून जास्त माणसं अशा हॉस्पिटलांत राहत होती. लहानपणी आणलेली, तिथेच म्हातारी झालेली.

१९६७ मध्ये कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधल्या मारहाणीच्या, चोऱ्यांच्या बातम्या पेपरात आल्या, १९६९ ला चौकशीचा रिपोर्ट आला, १९७१ ला सरकारने श्वेतपत्रिका काढली की वीस वर्षांत या खाटा जवळपास निम्म्या करू. आणि खरंच एकेक करून बंद झाली, केंटचं डॅरेंथ पार्क १९८८ ला, अर्ल्सवुड आणि नॉर्मन्सफील्ड दोन्ही १९९७ ला. अर्ल्सवुडच्या इमारतीत आता महागडे फ्लॅट आहेत. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते, बाहेर गाड्या, झाडांना पाणी, एक बाई कुत्रा फिरवत होती. ज्या भिंतीतून बाहेर पडायला लोकांना आयुष्य लागलं त्या भिंतीत राहायला आता लोक लोन काढतात.

तुम्ही म्हणाल मग प्रश्न सुटला. तिथेच तर गंमत आहे.

मोठी सरकारी हॉस्पिटलं बंद झाली, बहुतेक लोक छोट्या घरांत गेले, आणि त्यातल्या बहुतेकांचं बरं चाललं हे आधी कबूल करते. पण जी माणसं 'अवघड' होती, चिडली की डोकं आपटणारी, हात उगारणारी, त्यांच्यासाठी गावात काही उभंच राहिलं नाही. घरी काही बिनसलं, आई आजारी पडली, स्टाफ सोडून गेला, की रात्री दोन वाजता काय करणार? एक फोन केला की खाट मिळायची. खाट पुरवायला खासगी कंपन्या आल्या होत्या, 'असेसमेंट अँड ट्रीटमेंट युनिट' अशी पाटी लावून. सहा आठवड्यांचं असेसमेंट म्हणून गेलेला माणूस सहा वर्षांनी तिथेच.

त्यातलंच एक विंटरबोर्न व्ह्यू. ब्रिस्टलजवळ, २४ खाटांचं, कॅसलबेक नावाच्या कंपनीचं. ३१ मे २०११ ला बीबीसीच्या पॅनोरामा या टीव्ही कार्यक्रमाने लपवलेल्या कॅमेऱ्याने काढलेलं शूटिंग दाखवलं. मी ते इथे वर्णन करून सांगणार नाही, तुम्ही आईबाप आहात. तिथल्याच एका सीनियर नर्सने आधी मॅनेजमेंटला लिहिलं होतं, तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही कळवलं होतं, कोणी हललं नाही, शेवटी तो टीव्हीवाल्यांकडे गेला. अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा तुरुंगात गेले. आणि एका पेशंटमागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पाउंड बिल जात होतं. तेव्हाच्या भावाने अडीच लाख रुपये. आठवड्याला! आणि हे सरकारी पैसे.

त्यानंतर सरकारने जाहीर केलं की ज्यांना हॉस्पिटलात राहायची गरज नाही त्या सगळ्यांना १ जून २०१४ पर्यंत बाहेर काढू. तारीख आली आणि गेली. २०१५ च्या ऑक्टोबरात नवा प्लॅन, 'बिल्डिंग द राइट सपोर्ट', मार्च २०१९ पर्यंत खाटा ३५ ते ५० टक्के कमी करू. तेही झालं नाही पूर्ण. मग २०१९ ला अजून एक, मार्च २०२४ पर्यंत २०१५ च्या निम्मे. तेही हुकलं. २०१५ ला तीन हजारांच्या जवळपास माणसं होती, २०२४ ला दोन हजारांच्या आसपास राहिली. मधल्या काळात २०१९ मध्ये डरहॅममधल्या व्हॉर्लटन हॉलमध्ये पुन्हा पॅनोरामा, पुन्हा तसलंच शूटिंग. आपल्याकडे पुलाच्या उद्घाटनाच्या तारखा पुढे जातात ना तसं, फक्त पुलावर माणसं राहत नाहीत.

का हुकलं? लोक म्हणतात इच्छाशक्ती नाही. मला ते उत्तर आळशी वाटतं, मी त्या मीटिंगांमध्ये बसलेय, इच्छा भरपूर होती, बिस्किटं पण चांगली असायची. खरं कारण खिशांचं आहे. हॉस्पिटलच्या खाटेचे पैसे एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, देते. तोच माणूस बाहेर आला की घरातल्या देखभालीचा मोठा वाटा कौन्सिलच्या खिशातून. आणि २०१० नंतर कौन्सिलांचे बजेट असे कापले गेले होते की बागेतले बाक दुरुस्त करायला पैसे नव्हते. म्हणजे माणूस आत राहिला तर माझ्या कौन्सिलला एक पैसा खर्च नाही, बाहेर आला तर वर्षाला लाखो पाउंड. कोणी वाईट नाही, पण प्रत्येक मीटिंगमध्ये टक्क्यांवरून घासाघीस, आमचे चाळीस तुमचे साठ, आणि पुढची तारीख सहा आठवड्यांनी.

तर यावर त्यांनी जो उपाय काढला त्याला तिथे चक्क 'डाउरी' म्हणतात. हुंडा! अधिकृत कागदावर छापलेलं आहे. १ एप्रिल २०१६ ला ज्याला सलग पाच वर्षं किंवा जास्त हॉस्पिटलात झाली असतील, तो बाहेर पडला की एनएचएसने त्याच्यामागून पैसे पाठवायचे, तो जगेपर्यंत. पहिल्यांदा मीटिंगमध्ये ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना, बाकीचे बघायला लागले, मी म्हटलं आमच्या देशात १९६१ पासून यावर कायद्याने बंदी आहे. पण शब्द सोडा, कल्पना बरोबर होती. पैसा खाटेला चिकटलेला होता, तो माणसाला चिकटवला.

ज्यांना चार वर्षं अकरा महिने झाले होते त्यांना हुंडा नाही. असो.

आता एक गोष्ट सांगते, नाव बदललंय आणि ओळख पटेल असे तपशील पण. त्याला डेव्हिड म्हणू. एक्केचाळीसचा, बोलणं जवळजवळ नाही, ऑटिझम पण आहे. अकरा वर्षं आत. आईचं ऑपरेशन होतं म्हणून थोड्या दिवसांसाठी गेला होता. हॉस्पिटल घरापासून अडीच तासांवर, आई सत्तरीची, महिन्यातून एकदा जायची, भेटायला एक तास, तोही स्टाफ समोर बसलेला. फाइलमध्ये लिहिलेलं, दुपारी आक्रमक होतो. अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं की दुपारीच का. आमच्यातली एक नर्स, एलडी नर्सिंग ही तिकडे नर्सिंगची वेगळीच शाखा आहे, ती नुसती तीन दिवस कोपऱ्यात बसून राहिली आणि तिला कळलं की अडीच वाजता शिफ्ट बदलते, दहा-बारा माणसांच्या कमरेच्या किल्ल्या एकदम वाजतात, दारं आपटतात, आणि हा कानावर हात दाबून डोकं आपटायला लागतो. मग त्याला इंजेक्शन. इंग्लंडच्या आरोग्य खात्याचाच २०१५ चा अंदाज होता की एलडीची तीस ते पस्तीस हजार मोठी माणसं रोज मनावर परिणाम करणारी औषधं घेतायत आणि त्यासाठी लागणारं निदानच त्यांच्या कागदावर नाही. हा त्यातलाच एक.

त्याला काढायला आम्हाला दोन वर्षं लागली. आणि लोकांना वाटतं ही दोन वर्षं डॉक्टरांशी भांडण्यात गेली असतील, छे, घरमालक शोधण्यात गेली. तळमजला पाहिजे, शेजारची भिंत चिकटलेली नको, आवाज जाऊ नये, काच अशी पाहिजे की फुटली तरी लागणार नाही, पण बाहेरून बघणाऱ्याला तुरुंग वाटता कामा नये. भाडेकरार त्याच्या नावावर. हे फार महत्त्वाचं आहे, त्याला तिथे सपोर्टेड लिव्हिंग म्हणतात, घर एकाकडून आणि देखभाल दुसऱ्याकडून, म्हणजे देखभालवाली संस्था पटली नाही तर संस्था बदलायची, माणसाने घर नाही सोडायचं. मग स्टाफ. दिवसा दोघं, रात्री एक जागा राहणारा, त्याला वेकिंग नाइट म्हणतात. जागा राहणारा म्हणजे खरंच जागा, तिथेच झोपून राहणाऱ्याचा रेट वेगळा असतो, त्यावरही एक मीटिंग झाली. हे लोक चार महिने आधी नेमले आणि त्यांना हॉस्पिटलात पाठवलं त्याची ओळख करून घ्यायला, पगार चालू, घर रिकामं, भाडं चालू, आणि अकाउंट्सवाला मला रोज मेल करतोय.

पहिल्या रात्री तो झोपलाच नाही. फ्रिज उघडायचा, बघायचा, बंद करायचा. चाळीसेक वेळा तरी. दूध नासलं. रात्रीच्या माणसाने मला सकाळी काळजीने फोन केला की हे काय नवीन बिहेविअर आहे, फॉर्म भरू का. म्हटलं अरे बाबा, अकरा वर्षं त्याने स्वयंपाकघराचं दार बंदच बघितलंय, भरू नकोस फॉर्म, दूध आण.

(मागून प्रश्न: मॅडम, पण एवढे पैसे आपल्याकडे कुठून येणार?)

काका, बरोबर आहे, नाहीच येणार, आणि मी इंग्लंडची कॉपी करा असं सांगायला आलेच नाहीये. आपल्याकडे उलटं आहे, आपली बहुतेक मुलं कधी संस्थेत गेलीच नाहीत, घरातच आहेत, तुम्हीच त्यांची शिफ्ट, तुम्हीच त्यांची वेकिंग नाइट, बिनपगारी. २०१६ च्या आपल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचे असंही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची घरौंदा योजना आहे, मोठ्या झालेल्या मुलांच्या राहण्यासाठी. कागद वाईट नाहीत.

मला काळजी वेगळी वाटते. मगाशी दोन ताई सांगत होत्या की आठ-दहा पालक मिळून गावाबाहेर दोन एकर घेतायत, पन्नास जणांचं हॉस्टेल, शेजारी गोशाळा. हेतू सोन्यासारखा. लँग्डन डाऊनचाही होता. मी नको म्हणत नाही, मला तो हक्कच नाही, माझं मूल नाहीये तिथे. फक्त प्लॅन काढताना काही फालतू वाटणारे प्रश्न विचारा. खोलीची किल्ली कोणाकडे. रात्री भूक लागली तर फ्रिज उघडता येतो का. तिथून बस मिळते का, म्हणजे आत्याला अचानक वाटलं भेटावं तर ती जाऊ शकते का. आणि एखाद्याचं तिथे नाहीच जमलं, तर त्याच्या वाट्याचे पैसे त्याच्याबरोबर बाहेर पडतात का बिल्डिंगमध्येच राहतात. बिल्डिंगमध्ये राहत असतील तर तुम्ही तीच चूक करताय जी तिथे निस्तरायला पन्नास वर्षं लागली, आणि अजून निस्तरलेली नाही.

आणि उलट बाजू पण सांगते, छोटं घर म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. मी अशी घरं बघितलीयत जिथे टीव्ही चालू, माणूस सोफ्यावर, स्टाफ मोबाइलवर, पडदे ओढलेले. जिम मॅन्सेल म्हणून प्रोफेसर होते, त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं, की घर बदलून पुरत नाही, स्टाफने त्या माणसाला बरोबर घेऊन बटाटे सोलले पाहिजेत, त्याच्यासाठी सोलून द्यायचे नाहीत. याला वेळ लागतो, बटाटे जाड सोलले जातात, जेवण उशिरा होतं. ट्रेनिंगमध्ये मी हे सांगितलं की नवीन मुलं माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सोलत बसतात. आपल्या आयांचंही तेच, पटकन होतं ना म्हणून. हसू नका, माझी आई पण तशीच होती.

डेव्हिडचं सगळं छान झालं असं नाही. तिसऱ्या वर्षी दोन ओळखीची माणसं एकदम नोकरी सोडून गेली, त्याने एका नव्या मुलीचा हात चावला, तिला टाके पडले, आणि लगेच कोणीतरी खाट बघायला सुरुवात केली. तिकडे आता नियम आहे की पुन्हा भरती करायच्या आधी रिव्ह्यू घ्यायचा, त्यात बाहेरचा एक जण असतो ज्याने स्वतः किंवा घरच्या माणसाबरोबर हे सगळं भोगलेलं आहे. त्या बाईने एकच विचारलं, नवीन मुलीने परफ्यूम लावला होता का. लावला होता. तो घरीच राहिला.

आई आता दर गुरुवारी येते, दोन बस बदलून. ती आली की तो चहाचा कप स्वतः काढतो, दोघं खिडकीपाशी बसतात, फार काही बोलत नाहीत. आणि मग त्याला पुरे झालं की तो उठतो, तिचा कोट आणतो आणि तिच्या हातात देतो. म्हणजे निघ आता. पहिल्यांदा झालं तेव्हा तिने मला फोन केला, मला वाटलं रडतेय, पण ती चिडली होती. म्हणाली, माझा चहा पण संपला नव्हता.