जागा भरली, पण विचारलं कोणाला?

आकाशवाणीच्या श्रोत्यांना नमस्कार.

दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे कापूस निघतो आणि यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावतीकडच्या जिनिंगांना, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांना, माणसं लागतात. रेच्याच्या यंत्रावर, गठाणीवर, काट्यावर, हिशेबाला. एखादी जागा दालमिलमध्ये, कृषी केंद्रात, पतसंस्थेतही निघते. ती कशी भरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मालक मुकादमाला म्हणतो, "दोन पोट्टे पाहून ठेव." मुकादम आपल्या भाच्याला फोन लावतो, भाचा दोस्ताला घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी दोघंही कामावर. यात कोणाचं वाईट व्हावं असं मनात नसतं. ओळखीचा माणूस भरवशाचा वाटतो, इतकंच. पण ज्या वस्तीत मुकादमाचा फोन कधी जातच नाही, तिथल्या मुलाला जागा होती हेही कळत नाही. त्याच्या वाट्याला नकारसुद्धा येत नाही. पांढरकवडा, झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलाचं असंच होतं, गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलीचं असंच होतं.

शिकलं की हे सगळं मागे पडतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एक अभ्यास जरूर ऐकावा. तो करणारे डॉ. सुखदेव थोरात आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, महिमापूरचे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तसाच, फरक फक्त नावात. एक नाव उच्चजातीय हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं, एक मुस्लिम. वर्षभराहून अधिक काळ, साडेचार हजारांवर अर्ज गेले. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. उमेदवाराचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, त्याचा एक शब्दही कोणी ऐकला नव्हता. ही शहरातल्या कंपन्यांची गोष्ट. आपल्या तालुक्यात तर अर्जही लागत नाही, "गावात कुठं राहतो बाबू?" एवढं विचारलं की पुरतं.

कामाचं कारण पुढे करून माणूस बाहेर ठेवण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याला पगार बरा होता. तिथं धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली, कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि उष्ट्या धाग्याचा विटाळ होतो म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आज तसं कोणी बोलत नाही. आज म्हणतात, "पोरं डबा एकत्र खातात, त्यांच्यात याचं जमेल का?" मला हा प्रश्न ऐकला की फार वाईट वाटतं, कारण त्याचं उत्तर विचारणाऱ्यानं आधीच देऊन टाकलेलं असतं.

बाईमाणसाला वेगळेच प्रश्न असतात. लग्न कधी करणार, सासरचे पाठवतील का, लेकरू कोण पाहील. तिच्या भावाला यातलं काहीच कोणी विचारत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यानं भरतीतही स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली, आणि २०१९ च्या वेतन संहितेत ती कायम आहे. पण कायदा असूनही संडास नसेल आणि सुटीची वेळ शेवटच्या एस्टीनंतरची असेल, तर मुलगी येणार कशी? मालकांनी आधी ते पाहावं.

दिव्यांगांचंही तेच. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या, आणि समान संधीचं धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही लागू केलं. तरी गावातल्या चिठ्ठीवर सरसकट लिहिलेलं असतं, "धडधाकट पाहिजे." काट्यावर बसून संगणकावर वजन चढवायला आणि पावती काढायला दोन मजबूत पाय कशाला लागतात? कामाला जे खरंच लागतं, तेवढंच लिहा.

मालक म्हणतील, अनोळखी माणसाचा भरवसा काय? रास्त प्रश्न आहे. पैशाची जागा असली की धास्ती वाटतेच. मग महिनाभर पारखून घ्या, पण भाच्यालाही त्याच मापानं पारखा. जागा निघाली की आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आयटीआयमध्ये लावा, बाजाराच्या दिवशी सांगा. गडचिरोलीकडे असाल तर गोंडी, माडिया बोलणाऱ्या कोणाच्या तरी तोंडून वस्तीवर पोचवा. आलेल्या सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारा आणि तेच काम करून दाखवायला सांगा. निवडायला दोघं बसा, त्यातली एक बाई असू द्या. आणि मुलाखतीला दिवसभर ताटकळत ठेवू नका. ज्याची रोजी बुडते तो पुन्हा येत नाही, आणि आपण समजतो त्याला गरजच नाही.

तरुण श्रोत्यांनो, बोलावणं आलं नाही म्हणून घरी बसू नका. चिठ्ठी दिसली की अर्ज लिहून द्या, एक प्रत जवळ ठेवा, तारखेसह पोच मागा. दिव्यांग असाल आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल, तर ते काढून घ्या. आणि सरपंचताई, सचिवसाहेब, कापसाच्या गाड्या सुरू होण्याआधी पंचायतीच्या फळ्यावर नोकरीच्या चिठ्ठ्यांसाठी एक कोपरा मोकळा करून द्या. नमस्कार.