तासगाव : गोपुराच्या गावचा बेदाणा

तासगावात शिरलं की आधी नजरेत भरतं ते हे सात मजली गोपूर. गणपतीच्या देवळाला असं दाक्षिणात्य गोपूर आपल्याकडं विरळाच. परशुरामभाऊ पटवर्धन हे पेशव्यांचे सरदार. मोहिमांच्या निमित्तानं ते कर्नाटकात बरंच फिरले, तिथली देवळं त्यांच्या मनात बसली, आणि तसंच हे देऊळ त्यांनी इथं बांधलं. १७७९ ला सुरू झालेलं हे काम १७९९ पर्यंत चाललं. आतली मूर्ती उजव्या सोंडेची.

आणि हा रथोत्सव. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, लाकडी रथ काशीविश्वेश्वराच्या देवळाकडं निघतो. ना इंजिन, ना बैल. रथ ओढतात माणसं. दोरखंडावरचे हे गुलालानं माखलेले हात बघा. महिन्याभरात यातल्या कित्येकांत द्राक्षाच्या फळछाटणीची कात्री असेल.

तालुका कमी पावसाचा. पण बेदाण्याला हवी असते ती हीच कोरडी हवा. मणेराजुरी, सावळजकडं फेब्रुवारीपासून द्राक्षं वाळवायची शेड भरायला लागतात. घड क्रेटमध्ये ठेवून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर सुटतो, आतलं पाणी लवकर उडतं. मग घड जाळीच्या रॅकवर पसरायचे, एकावर एक थर, वरून सावली. पंधरवड्यात हिरवा मणी आक्रसतो. हा बघा, बोटानं दाबला तरी फुटत नाही, नुसता चिवट लागतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. रॅक झाडायचे, देठं काढायची, मग प्रतवारी. इथं बसलेल्या या बायांची नजर कुठल्याही यंत्रापेक्षा तयार आहे: काळा मणी, डागी मणी त्यांच्या हातून सुटत नाही.

याच मातीतल्या बोरगावात ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात शेतकऱ्याच्या हातून निपजली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. अवकाळी पाऊस झाला तर मात्र रॅकवरचा माल काळा पडतो, वर्ष वाया जातं.

बाजार समितीतले हे सौदे. पेटीत हात घालायचा, मूठभर बेदाणा बघायचा, उरलेला खाली टाकायचा. या उधळणीविरुद्ध शेतकरी वारंवार बोलले आहेत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. तो बेदाणा त्यांच्या वजनातला असतो. सौदा होतो, हिशेबाची पट्टी हातात पडते, आणि पहिली रक्कम जाते फवारणीच्या औषधांच्या दुकानातली उधारी भागवायला.