फिटचं रूप बदलतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मिरगीच्या रुग्णाला घेऊन घरची माणसं तपासणीला येतात तेव्हा बहुतेक वेळा हिशोब सांगतात: या महिन्यात दोनदा आली, मागच्या महिन्यात एकदा. ती पहिल्यासारखीच आली की वेगळी, हे मात्र सांगायचं राहून जातं. आज बोलायचंय ते या वेगळेपणाबद्दल.

मेंदूच्या ज्या भागात विजेच्या संदेशांची गडबड सुरू होते, त्यावर फिटचं रूप ठरतं. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग येतो, त्याला टेम्पोरल म्हणतात. तिथे सुरुवात झाली तर पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटतं, नसलेला जळका वास येतो, किंवा नवी जागा आधी पाहिल्यासारखी वाटते. मग माणूस एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाचं बटण चाळवत बसतो. मिनिट-दोन मिनिटांत हे सरतं आणि त्याला नंतर काही आठवत नाही. हीच गडबड मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरली, तर अंग ताठ होऊन झटके येतात. सगळ्यांच्या ओळखीची फिट ती हीच.

गोळ्या लागू पडल्या की पुष्कळदा हे पसरणं थांबतं, पण सुरुवात होतच राहते. घरचे म्हणतात, फिट गेली, आता फक्त अधूनमधून तंद्री लागते. ती तंद्री हीच फिट आहे. पेटत्या गॅससमोर किंवा रस्ता ओलांडताना ती झटक्यांइतकीच धोक्याची. ‘फिट बंद आहेत’ असं डॉक्टरांना सांगितलंत, तर डोस आहे तिथेच राहणार.

आता किशोरवयीन मुलांकडे जरा थांबून पाहू. साधारण १२ ते १८ वर्षांच्या वयात एक प्रकार सुरू होतो. सकाळी उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात खांदे आणि हात क्षणभर उडतात. दात घासताना ब्रश हातातून निसटतो, चहा सांडतो. शुद्ध पूर्ण असते, त्यामुळे घरात एकच शेरा मिळतो: धांदरट! परीक्षेचं जागरण, लग्नघर, विसर्जनाची रात्र, आणि दुसऱ्या सकाळी मोठी फिट. दवाखान्यात मोठ्या फिटचं वर्णन होतं, सांडलेल्या चहाचं कुणी बोलत नाही. मग मिरगीवरचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन हे औषध सुरू झालं, तर हात उडणं उलट वाढू शकतं. ही औषधं वाईट नाहीत, ती या प्रकाराला जुळत नाहीत. व्हॅलप्रोएट चांगलं लागू पडतं, पण ते गर्भाला अपाय करू शकतं. म्हणून मुलींसाठी डॉक्टर शक्यतो दुसरा पर्याय पाहतात, बहुतेकदा लेव्हेटिरासिटाम. हा सगळा निर्णय एका वाक्यावर अवलंबून असतो: सकाळी हात उडतात.

बरीच वर्षं शांत असलेली मिरगी अचानक उसळली, तर आधी चुकलेले डोस शोधा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली का? उपवास म्हणून गोळीही राहिली का? लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. मूल २० किलोंचं होतं तेव्हाचा डोस ते ३० किलोंचं झाल्यावर अपुरा पडू शकतो. नवीन औषधंही पाहा. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन मिरगीच्या अनेक गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण उतरवतं. लॅमोट्रिजिन या मिरगीच्या गोळीचं प्रमाण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणातही घटतं. दुखण्यावर दिलं जाणारं ट्रामाडॉल फिटला वाट करून देऊ शकतं. काही स्त्रियांच्या फिट पाळीच्या आसपास वाढतात. फिटची नोंद ठेवायच्या वहीतच पाळीच्या तारखा लिहिल्या तर दोन-तीन महिन्यांत ते उघड दिसतं.

प्रत्येक नवं लक्षण मात्र फिट नसतं. फेनिटॉइनचा डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढू शकतं. मग एकाच्या दोन वस्तू दिसतात, चालताना झोक जातो. वयस्कर माणसांत कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरून गोंधळल्यासारखं होतं. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड इतकी वाढते की घरात भांडणं होतात. यांपैकी कशासाठीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवल्यास न थांबणारी फिट येऊ शकते. डॉक्टरांना फोन करा.

झालेला बदल टिपायला मोबाइल उत्तम. एकाने रुग्णाला सांभाळायचं, दुसऱ्याने चित्रण करायचं. दिवा लावा, पांघरूण काढा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग दिसू द्या. नावाने हाक मारा, ‘आंबा’ असा एखादा शब्द सांगा आणि शुद्धीवर आल्यावर तो आठवतो का विचारा. आधी कोणता हात हलला, मान कुठे वळली, डोळे उघडे होते की मिटलेले, हे दिसायला हवं. फिट थांबल्यावरही दोन मिनिटं चित्रण चालू ठेवा. डोळे घट्ट मिटलेले आणि झटके थांबत-थांबत बराच वेळ चाललेले असतील, तर तो त्रास मिरगीचा नसण्याची शक्यता असते. ते नाटक नव्हे. त्याचा उपचार वेगळा, आणि निदानासाठी व्हिडिओ-ईईजी लागतो, म्हणजे चित्रण चालू ठेवून मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा आलेख काढणं.

वहीत एक ओळ पुरे. उदाहरणार्थ: मंगळवार, सकाळी ६:४०, उठल्यावर, उजवा हात आधी, मान उजवीकडे, दीड मिनिट, नंतर २० मिनिटं बोलणं अडखळत, रात्रीची गोळी चुकली होती.

फिट चालू असताना कुशीवर वळवा, मानेभोवतीचं कापड सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, पाणी, काहीही नको. कांदा आणि चप्पल हुंगवण्याने काहीच होत नाही, त्यात वेळ मात्र जातो. ५ मिनिटं उलटली, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, पाण्यात आली, श्वासाला त्रास वाटला किंवा बाई गरोदर असेल, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला फवारा दिला असेल, तर किती फवारे मारायचे ते बाटलीवरच ठळक लिहून ठेवा आणि मुदत तपासत राहा. फिटनंतर एक हात किंवा पाय काही वेळ लुळा पडू शकतो. पण असं पहिल्यांदाच झालं, तर तो पक्षाघातही असू शकतो. तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्या, कारण कंपनी बदललेली असू शकते. जुना ईईजी आणि एमआरआयच्या फिल्मही न्या, नुसता अहवाल नको. आणि निघण्यापूर्वी एवढं नक्की विचारून घ्या: एखादा डोस चुकला, तर किती तासांपर्यंत घ्यायचा?