गंबो कुठे खावा?

(ह्यूस्टनमधल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. इथून आय-१० महामार्ग धरला की साधारण साडेतीन तासांत लुइझियानातलं लाफायेत, आणि तसंच पुढे गेलं की न्यू ऑर्लिन्स. लाँग वीकेंड आला की आपल्यातलं एखादं तरी कुटुंब त्या वाटेला लागतंच, आणि निघायच्या आदल्या रात्री मला मेसेज येतो: "चांगला गंबो कुठे मिळेल?" मी उलट विचारते, कोणता? हॉटेलांची नावं मी आज देणारच आहे, पण आचारी सोडून जातात, मालक धंदा विकतात, नावं तीच राहतात. तेव्हा समोर आलेला गंबोचा बोल, म्हणजे वाडगा, आपल्याला वाचता आला पाहिजे.

गंबो म्हणजे भातावर वाढलेला दाट रस्सा, हे तुम्हाला माहीत आहे. २००४ साली लुइझियानाने त्याला राज्याचं अधिकृत खाद्य ठरवलं. तो दाट कशाने होतो, हे बघितलं की त्याचं कूळ कळतं. भेंडी आफ्रिकेतून आली, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. फीले म्हणजे ससाफ्रस झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. ती तिथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांची. आणि रू, म्हणजे स्निग्धात भाजलेला मैदा, फ्रेंचांचा. कुठे यातलं एकच असतं, कुठे दोन. फीले उकळत्या रश्शात पडली तर तार धरते, म्हणून ती गॅस बंद केल्यावर घालतात, किंवा टेबलावर बरणी ठेवतात. अशी बरणी दिसली की मी खूश होते.

खरी परीक्षा असते ती रू करण्यात. तेल आणि मैदा सारख्याला सारखं, मंद आच, आणि न थांबता ढवळणं. बेसनाचे लाडू ज्यांनी केलेत त्यांना जास्त सांगायला नको. हात थांबला की तळाला लागलंच. पण लाडवाला आपण जिथे थांबतो तिथून लुइझियानाच्या ग्रामीण फ्रेंच भागातला केजन स्वयंपाकी पुढे निघतो. आधी पीनट बटरचा रंग, मग तांब्याचा, मग चॉकलेटचा. पाऊण तास सहज जातो. काळे ठिपके दिसले तर सगळं फेकून पुन्हा सुरुवात, जळक्या रूला दुसरा इलाज नाही. हवा तो रंग आला की त्यातच चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची टाकतात. या तिघांना तिकडे 'ट्रिनिटी' म्हणतात. भाज्या पडल्या की रूची आच उतरते आणि रंग तिथेच थांबतो.

रू जितका गडद होतो तितकी त्याची दाटपणा आणण्याची ताकद कमी होते, कारण भाजताना मैद्यातला स्टार्च तुटत जातो. म्हणून गडद रंगाचा गंबो थोडा पातळ असतो आणि तसाच असावा. "इतका पातळ कसा?" म्हणून नाक मुरडू नका. उलट काळाभोर आणि खळीसारखा घट्ट दिसला तर मला शंका येते. रंग बाटलीतून आणण्याची सोयही बाजारात आहे. चव घ्या. कच्च्या पिठाची चव नको, कडवटपणा नको. भाजल्याचा खमंगपणा मागून यायला हवा.

आता केजन आणि क्रीओल. १७५५ पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधल्या फ्रेंच भाषिक अकेडियन लोकांना हुसकावलं. त्यातले अनेक पुढच्या तीस वर्षांत लुइझियानाच्या दलदलीत आणि पश्चिमेच्या माळावर येऊन वसले. तेच केजन. लाफायेत, युनिस, मामू हा त्यांचा मुलूख. त्यांचा गंबो बहुधा कोंबडी आणि सॉसेजचा, गडद रूचा, आणि त्यात टोमॅटो म्हणजे भांडणाला निमंत्रण. क्रीओल स्वयंपाक शहराचा, न्यू ऑर्लिन्सचा. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन अशा सगळ्यांच्या हातचा, आणि त्या स्वयंपाकघरांत राबणारे हात बहुतेक कृष्णवर्णीयांचेच होते, हे विसरू नका. तिथे बंदर आहे, म्हणून कोळंबी, खेकडा, कालवं, भेंडी, कधी टोमॅटोही. एकाच बोलमध्ये खेकडा, सॉसेज, हॅम आणि कोळंबी सुखाने नांदतात.

पण ही रेघ फार ठळक मारू नका. ओपेलूससजवळच्या शेतकरी कुटुंबातला पॉल प्रुडोम १९७५ साली न्यू ऑर्लिन्सच्या कमांडर्स पॅलेस या खानदानी हॉटेलात मुख्य शेफ झाला आणि गावाकडचा गडद गंबो शहराच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर आला. १९७९ मध्ये त्याने पत्नीबरोबर के-पॉल्स काढलं, आणि केजन जेवणाची लाट देशभर गेली. ते हॉटेल २०२० मध्ये बंद झालं, प्रुडोम त्याआधीच, २०१५ मध्ये गेला. पण आज फ्रेंच क्वार्टरमध्ये रॉयल स्ट्रीटवर मिस्टर बीज बिस्ट्रोचा 'गंबो या-या' मागवलात तर जे येतं, ते कोंबडी आणि धुरावलेल्या आन्डूई सॉसेजचं, गडद रूचं. पत्ता शहराचा, चव गावाची. वाईट लागतं का? मुळीच नाही. फक्त 'क्रीओल गंबो खाल्ला' असं घरी येऊन सांगू नका.

क्रीओल खायचा तर न्यू ऑर्लिन्सच्या ट्रमे भागात जा. डुकी चेज हे हॉटेल १९४१ पासून आहे. लिया चेज यांनी २०१९ साली जाईपर्यंत, म्हणजे वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत, ते स्वयंपाकघर सांभाळलं. काळ्यागोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं बेकायदा होतं त्या काळात नागरी हक्कांचे कार्यकर्ते याच हॉटेलात वरच्या मजल्यावर जमत आणि लियाबाई त्यांना गंबो वाढत. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी 'गंबो झेर्ब' होतो. मोहरी, कोबी, पालक अशा कितीतरी पाल्यांचा, आणि पाल्यांची संख्या विषम हवी असा दंडक. नाव पालेभाजीचं असलं तरी त्यात मांसही भरपूर असतं. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेचा उपास, म्हणून आदल्या दिवशी हात सैल. त्याच भागात लिल डिझीज हे हॉटेल आहे, बाके कुटुंबाचं. फीले घातलेला जुन्या वळणाचा क्रीओल गंबो तिथे मिळतो. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळचं लिउझाज बाय द ट्रॅक हा खरं तर बार, पण गंबोसाठी लोक वाट वाकडी करून जातात. आणि ब्रिगट्सन्समध्ये सशाचा फीले गंबो मिळतो. ससा खाणारे हात वर करा... बरं, राहू दे.

लाफायेतकडे पंचाईत वेगळी. तिथल्या कोणालाही विचारा, सर्वांत चांगला गंबो कुठे? उत्तर येतं, माझ्या आईकडे. आणि ते खरंच असतं. तिकडे हॉटेलांची कीर्ती दुय्यम. मार्डी ग्रासला, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होण्यापूर्वीच्या सणाला, मामू, युनिसकडच्या गावांत मुखवटे घातलेले घोडेस्वार घरोघर फिरून तांदूळ, सॉसेज मागतात, जिवंत कोंबडीच्या मागे धावतात, आणि संध्याकाळी सगळ्या गावाचा गंबो शिजतो. पाहुण्याला तिथे जाता आलं तर हॉटेल शोधूच नये. एरवी दुपारचं प्लेट लंच देणारी साधी ठिकाणं बघा. गंबोबरोबर बटाट्याचं सॅलड दिलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी ते भाताऐवजी सरळ रश्शात टाकलं, तर जागा बरोबर आहे. न्यू आयबेरियाला ऑक्टोबरमध्ये गंबो शिजवण्याची मोठी स्पर्धा भरते. एका दुपारी अनेक हातांची चव घ्यायची तर ती सोय सोडू नका. आणि न्यू ऑर्लिन्सहून परतताना वाटेत लाप्लासला थांबून आन्डूई घ्या. धुरावर पोसलेलं ते सॉसेज मिळाल्याशिवाय घरचा गंबो जमत नाही.

कोळंबीबद्दल एक गोष्ट, आपल्या कामाची. अमेरिकेला सर्वांत जास्त कोळंबी विकणारा देश भारत आहे, आणि त्यातली बरीचशी आंध्रच्या तळ्यांतली. तेव्हा बेफिकीर हॉटेलात गल्फची, म्हणजे मेक्सिकोच्या आखातातली, म्हणून तुम्ही जी खाता ती तुमच्याआधी इथे पोहोचलेली असू शकते! लुइझियानात परदेशी कोळंबी किंवा क्रॉफिश (गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडीसारखा जीव) वापरली तर मेन्यूवर तसं लिहिण्याचा कायदा आहे. बारीक अक्षरं वाचा, आणि वेटरला विचारायला लाजू नका. ज्या ठिकाणी स्थानिक कोळ्यांचा माल येतो तिथे उत्तर अभिमानाने मिळतं. रबरासारखी कोळंबी लागली तर ती सकाळपासून रश्शात उकळतेय एवढं समजा. चांगल्या ठिकाणी ती अगदी शेवटी पडते.

शाकाहारी मंडळींना मी खोटी आशा दाखवणार नाही. भेंडीचा गंबो म्हटलं तरी सूप कोंबडीचं किंवा खेकड्याचं, आणि रूमध्ये कधी चरबी. "मांस नाही ना?" असं विचारलंत तर "नाही, फक्त सॉसेज आहे" असं उत्तरही येऊ शकतं. नेमकं विचारा, स्टॉक कशाचा, स्निग्ध काय वापरलं.

आणि एवढा प्रवास नको असेल तर? इथल्या फिफ्थ वॉर्डमधलं फ्रेंचटाउन लुइझियानाहून आलेल्या क्रीओल कुटुंबांनीच १९२० च्या दशकात वसवलं, आणि १९२७ च्या मिसिसिपीच्या पुरानंतर तिकडून आणखी लोक आले. कतरिना वादळानंतर २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सची माणसं आली ती वेगळीच. त्यांची चर्च, झायडेको या त्यांच्या संगीतावरचे नाच, त्यांची छोटी हॉटेलं आपल्याच शहरात आहेत. तिथे जाऊन आधी रूचा रंग बघा, मग टोमॅटोबद्दल विचारा. वाद घालायला माणसं लगेच तयार होतील. प्रश्न असतील तर विचारा आता.