दुखत नाही म्हणून साधी?

"गाठ दुखत नाही ना? मग काळजी नको." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आज तिथूनच सुरुवात करतो. मऊ ऊतींच्या गाठींना हा नियम लागू पडत नाही. मांडीच्या स्नायूंत खोलवर वाढणारा सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कर्करोग, महिनोन्‌महिने न दुखता राहू शकतो. उलट नखाखालची ग्लोमस गाठ असते जेमतेम काही मिलिमीटरची, बहुतेक वेळा पूर्ण निरुपद्रवी, पण गार पाण्यात बोट घातलं की माणूस कळवळतो.

मऊ ऊती म्हणजे चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची वेष्टणं, तंतुमय ऊती. त्यांच्यात पन्नासाहून कितीतरी अधिक प्रकारच्या गाठी होतात. घाबरू नका, सगळी नावं सांगत नाही. बहुतेक गाठी साध्या असतात, सर्वांत जास्त दिसणारी चरबीची, म्हणजे लायपोमा. साध्या गाठी कर्करोगाच्या गाठींच्या सुमारे १०० पट. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत सार्कोमा १ टक्क्याच्या आसपास. अडचण इथेच आहे: शंभरातली ती एक बाहेरून बाकीच्यांसारखीच दिसते.

मग ओळखायची कशी? ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, वाढत चाललेली, स्नायूच्या आवरणाखाली खोल असलेली, किंवा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ असेल तर आधी तपासणी, मग सुरी. हा क्रम उलटा झाला की आमची पंचाईत होते. लायपोमा समजून गाठ तुकड्यातुकड्यांनी काढलेली असते, आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सार्कोमा निघतो. मग तो सगळा भाग पुन्हा, आणखी रुंद काढावा लागतो.

सूक्ष्मदर्शकही फसवतो बरं का. नोड्युलर फॅसायटिस ही गाठ काही आठवड्यांत फुगते, पेशी भराभर विभागताना दिसतात, नवशिक्या डॉक्टरला दरदरून घाम फुटावा असं चित्र. आणि ती पूर्ण साधी! कित्येकदा आपोआप विरते. हिच्यामुळे अनावश्यक मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. या गाठीत यूएसपी६ नावाच्या जनुकाची मोडतोड असते हे २०११ मध्ये कळलं, तेव्हा आमच्या हाती पुरावा आला. चरबीच्या गाठींतही तसंच. परिपक्व दिसणारा लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कर्करोग, आणि मोठा लायपोमा यांत शंका आली की एमडीएम२ जनुकाच्या प्रती वाढल्यात का, ते पाहतात.

साधी आणि कर्करोगाची यांच्या मध्येही एक पट्टा आहे. डेस्मॉइड ही तंतुमय ऊतींची गाठ घ्या. ती दूर कुठे पसरत नाही, पण जागच्या जागी मुळं रोवल्यासारखी शिरत जाते, काढली तरी परत येते. तरी काही डेस्मॉइड नुसत्या नजरेखाली ठेवल्या तरी थांबतात, क्वचित आक्रसतातही. म्हणून आता बऱ्याचदा सुरुवातीला फक्त लक्ष ठेवतात. "काही न करणं" हा उपचार रुग्णाला पटवणं मात्र शस्त्रक्रियेपेक्षा अवघड जातं.

नावांचा घोळ तर विचारूच नका. सायनोव्हियल म्हणजे सांध्याच्या अस्तराचा, पण सायनोव्हियल सार्कोमा त्या अस्तरातून उगवतच नाही; नाव चिकटलं ते चिकटलं.

हातापायांच्या सार्कोमाला पूर्वी सर्रास अवयव कापत. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतली ४३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. २७ जणांचा अवयव वाचवून किरणोपचार दिले, १६ जणांचा कापला. वाचवलेल्या गटात चौघांना त्याच जागी गाठ परत आली, तरी जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. आज बहुतेकांचा अवयव वाचतो.

आता ही चिठ्ठी आलीय: "सुई टोचली की कॅन्सर पसरतो का?" जाड सुईने तुकडा घेण्याची बायोप्सी नीट केली तर हा धोका अगदी क्षुल्लक असतो. फक्त सुई कुठून घालायची, हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवायचं, म्हणजे गरज पडली तर तो मार्गही गाठीबरोबरच काढता येतो.