तरबेज हात, तापट डोके : जॅक शार्की

न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम, २१ जुलै १९२७. डावा हात पुढे धरून रिंगमध्ये सरकणारा हा तरुण म्हणजे अमेरिकी मुष्टियोद्धा जॅक शार्की आणि त्याच्यासमोर आहे माजी जगज्जेता जॅक डेम्प्सी. शार्कीचे वय २४, डेम्प्सीचे ३२. विजेत्याला जगज्जेत्या जीन टनीशी लढण्याची संधी मिळणार असल्यामुळे तिकिटांची विक्री १० लाख डॉलरच्या पुढे गेलेली आहे. या लढतीची चित्रफीत बहुधा सातव्या फेरीपासून दाखवली जाते. आम्ही ती पहिल्या फेरीपासून दाखवत आहोत.

शार्कीचा डावा जॅब, म्हणजे हात सरळ पुढे टाकून मारलेला झटपट ठोसा, पाहावा. डेम्प्सी खाली वाकून, डोके डोलवत आत घुसू पाहतो आणि दर वेळी तो डावा हात त्याच्या वाटेत आधीच येऊन थांबलेला असतो. जॅबच्या मागोमाग उजवा ठोसा येईल असे वाटते. पण शार्की केवळ खांदा हलवतो, डेम्प्सीचा हात हुलकावणीने वर जातो आणि मोकळ्या झालेल्या जागी डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसतो. याच फेरीत डेम्प्सीचे पाय डळमळले. हेवीवेट या सर्वांत वजनदार गटातील बहुतेक मल्ल त्या काळी अंगातल्या जोरावर भिस्त ठेवत असताना हा मनुष्य अंतराचा हिशेब ठेवून लढत होता, आणि हे कौशल्य त्याच्या नावे मांडलेच गेले नाही अशी आमची तक्रार आहे.

त्याचे जन्मनाव युओझास झुकाउस्कास. लिथुआनियातून आलेल्या आईवडिलांच्या पोटी १९०२ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे तो जन्मला, अमेरिकी नौदलात भरती झाला आणि मुष्टियुद्ध तिथेच शिकला. जहाज बोस्टनला लागलेले असताना, १९२४ च्या जानेवारीत, तो प्रथम पैशासाठी लढला. झुकाउस्कास हे नाव फलकावर चालण्यासारखे नव्हते. तेव्हा त्याने आपल्या दोन आवडत्या मुष्टियोद्ध्यांकडून, म्हणजे जॅक डेम्प्सीकडून पहिले आणि टॉम शार्की या जुन्या खलाशी मल्लाकडून दुसरे, अशी नावे उचलली. आता पडद्यावर जे चालले आहे ते नाव घेणाऱ्याचे नाव देणाऱ्याशी द्वंद्व आहे. त्याआधी, १९२६ च्या ऑक्टोबरात, त्याने हॅरी विल्सला असे काही हैराण केले होते की तेराव्या फेरीत नियमभंगाबद्दल विल्सलाच बाद व्हावे लागले. कृष्णवर्णीय असल्यामुळे जगज्जेतेपदाच्या लढतीपासून वर्षानुवर्षे दूर ठेवला गेलेला तो मोठा खेळाडू होता.

आता सातवी फेरी. डेम्प्सीचे ठोसे पोटावर आणि पोटाच्याही खाली बसत आहेत. कमरेखालचा ठोसा नियमबाह्य असल्यामुळे शार्की मान वळवून पंचाकडे तक्रार करतो.

(निवेदन थांबते. चित्रफीत संथ गतीने पुढे जाते.)

तो डेम्प्सीचा डावा हूक होता आणि शार्की बाद झाला. लढत चालू असताना स्वतःचे रक्षण करण्याची जबाबदारी लढणाऱ्याचीच असते. तेव्हा आपण काय त्याला पत्र लिहायला हवे होते, असे डेम्प्सीने नंतर विचारल्याचे सांगतात.

शार्कीला पंचाकडून न्याय हवा असे, आणि तोही भर लढतीत. हात इतका शांत आणि डोके इतके तापट असल्यामुळे त्याच्या कारकिर्दीचा आलेख सरळ राहिलाच नाही. १९२८ साली टॉम हीनीशी बरोबरी आणि जॉनी रिस्कोकडून पराभव पत्करणारा शार्की त्याच वर्षी जॅक डिलेनीला पहिल्याच फेरीत आडवा करतो. पुढच्या वर्षी टॉमी लॉफ्रनसारख्या निष्णात खेळाडूला तिसऱ्या फेरीत संपवतो. आणि १२ जून १९३० रोजी, टनीच्या निवृत्तीमुळे रिकाम्या असलेल्या जगज्जेतेपदासाठी मॅक्स श्मेलिंगशी लढताना, पहिल्या तीन फेऱ्या वर्चस्व गाजवून चौथ्या फेरीत कमरेखाली ठोसा मारून बसतो. श्मेलिंग जमिनीवर आहे, त्याचा मॅनेजर जो जेकब्स आरडाओरडा करतो आहे आणि गोंधळानंतर जगज्जेतेपद पडलेल्या माणसाला बहाल होत आहे. हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद नियमभंगावर ठरले असे प्रथमच घडले.

दोन वर्षांनी, २१ जून १९३२ रोजी, शार्कीने श्मेलिंगकडून ते पद १५ फेऱ्यांनंतर विभागलेल्या, म्हणजे पंचांचे एकमत नसलेल्या, निर्णयावर मिळवले. रिंगजवळच्या अनेकांच्या मते त्या रात्री श्मेलिंग सरस होता. आमच्याही मते होता. म्हणजे जिथे शार्की चांगला लढत होता तिथे तो हरला आणि जिथे मागे पडला तिथे जिंकला.

हा समोरचा धिप्पाड माणूस प्रिमो कार्नेरा, वजन अडीचशे पौंडांहून अधिक. १९३१ च्या ऑक्टोबरात शार्कीने त्याला १५ फेऱ्या नाचवून गुणांवर हरवले होते. २९ जून १९३३ च्या या लढतीत मात्र सहाव्या फेरीत कार्नेराचा उजवा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, बसला आणि पद गेले. त्याआधी चार महिने शार्कीचा मित्र एर्नी शाफ हा कार्नेराशी लढल्यानंतर मरण पावला होता. रिंगमध्ये आपल्याला शाफ दिसत होता, असे शार्की पुढे सांगत असे. लढत ठरवून हरल्याचा आरोप त्याने जन्मभर नाकारला.

१८ ऑगस्ट १९३६ रोजी पुढे जगज्जेता झालेल्या जो लुईने त्याला तिसऱ्या फेरीत पाडले. डेम्प्सी आणि लुई या दोघांशीही लढलेला तो एकमेव. निवृत्तीनंतर मासेमारी हा त्याचा छंद झाला, आणि बेसबॉलपटू टेड विल्यम्सबरोबर प्रदर्शनांतून तो लोकांना गळ फेकून दाखवीत असे.